शंभरातून वर्ग वजा

शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९८६. लेथजवळचं लोखंडी कपाट रिकामं करणे.

इस्माईलभाई, सोमवारी तुमच्या जागी लेथवर नवा टर्नर येतो आहे. साहेब म्हणाले, "बाई, त्याच्या आधी कपाट मोकळं करून घ्या. कंपनीचं कंपनीला, त्यांचं त्यांच्या घरी." शिपायाला सांगता आलं असतं. मी मागून घेतलं. तुम्ही गेल्याला आज दहा दिवस झाले, आणि या दहा दिवसांत मला खुर्चीत सलग अर्धा तास बसवलेलं नाही. उठते, यंत्राभोवती फिरते, गरज नसताना मायक्रोमीटर पुसते, परत बसते. हाताला काम दिलेलं बरं.

वरचा कप्पा लवकर झाला. हत्यारं उंचीप्रमाणे लावलेली, प्रत्येकाला तेलाचा हात. "आमच्याकडची हवा लोखंड खाते बाई. पुसलं नाय तर दाराची कडी पन उरत नाय," असं तुम्ही म्हणायचात आणि उरणच्या खाडीची ती सवय तळोज्यापर्यंत घेऊन यायचात. चष्म्याच्या डबीत चष्मा नव्हता, खडूचे तुकडे होते. एक चहाचा कप, कान तुटलेला. तो मी टाकणार होते, मग घरच्या ढिगात ठेवला.

मला रडणं जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणाला होतात, "बाईंच्या डोल्यात पानी आलं तर समजायचं कांदा जवळ हाय." तेव्हा हे पत्र म्हणा, लेख म्हणा, त्यात ते शोधू नका. मला काही गोष्टी नीट लावायच्या आहेत, एवढंच.

आपण दिवसभर काय करतो हे माझ्या बहिणीला मी एकदा समजावलं होतं. म्हटलं, गिऱ्हाईक पोलादाची सळई पाठवतं. इस्माईलभाई तिच्यातून लेथवर एक नमुना करून देतात, बोटाएवढा जाड, दोन टोकांना रुंद आणि मधे गुळगुळीत गोल. मी तो यंत्रात धरते आणि तुटेपर्यंत ओढते. चांगलं पोलाद एकदम तुटत नाही. कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढला की मधे बारीक होतो, तसं ते एका जागी बारीक होत जातं. त्याला आम्ही मान म्हणतो. तुटल्यावर त्या मानेचा व्यास मापायचा. मुळात छेदाचं क्षेत्रफळ किती होतं, मानेत किती राहिलं, शेकडा किती घटलं. घट जास्त असेल तर पोलाद सोशिक, तुटायच्या आधी सांगून तुटणारं. घट कमी असेल तर काचेच्या जातीचं. तसलं पोलाद क्रेनच्या हुकात गेलं तर खाली उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

बहीण म्हणाली, "म्हणजे जीव जाईपर्यंत ओढायचं आणि मग मान मापायची. आणि याला पगार देतात?"

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही लेथ बंद करून हसलात. मग आठवडाभर मला विचारत होतात, "काय बाई, आज किती माना?"

मी नांदेडकडची, पदवी भौतिकशास्त्राची, इथे आले तेव्हा या भागात कारखाने कमी आणि मोकळी जमीन जास्त होती. तुम्ही सातवी पास. पहिल्या वर्षी मी तुम्हाला क्षेत्रफळाचं सूत्र शिकवलं, कारण तुम्ही विचारलंत. पाय भागिले चार, गुणिले व्यासाचा वर्ग. आधीचं काढा, नंतरचं काढा, वजाबाकी, भागाकार, गुणिले शंभर. तुम्ही ते खडूने लेथच्या झाकणावर उतरवून घेतलंत. चार दिवसांनी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात.

"बाई, हा पाय खाली पन हाय, वर पन हाय."

"आहे."

"मग त्याला नाचवता कशाला? आनी मी तुमाला नमुना बरोबर दहाचा दिला तर? दहाचा वर्ग शंभर. मानेचा वर्ग शंभरातून वजा करा. तेच तुमचं उत्तर. सात आला, सात साते एकोनपन्नास, घट एक्कावन. झालं."

मी कागदावर करून पाहिलं. बरोबर होतं. मी पदवीधर, इतके महिने रोज पाय नाचवत होते. तुम्हाला मी फक्त "हं, बरोबर आहे," म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना मला तुमचं कौतुक वाटलं होतं, आणि ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. नऊ वर्षं होऊन गेली. आता लिहिते आहे.

त्यानंतर तुम्ही मला प्रत्येक नमुना दहाचाच दिलात. नऊ पूर्णांक अठ्ठ्याण्णव नाही, दहा पूर्णांक शून्य दोन नाही. दहा. दुसरे टर्नर मर्यादेत बसलं की सोडून देतात. तुम्ही म्हणायचात, "तुमचा भागाकार वाचतो, मला काय, लेथचा एक घास जास्त."

आणि आपली भांडणं. मान दोन बाजूंनी मापायची, एकमेकींना काटकोनात, हे तुमचं; एका बाजूने पुरतं, नमुना गोलच आहे, हे माझं. पुस्तक तुमच्या बाजूने होतं. मी घाईत असले की एकदाच मापायची आणि तुम्हाला लेथच्या आवाजातही ते कळायचं. "बाई, दुसरी बाजू रुसली." माझा हात जड, हे तुमचं दुसरं पालुपद. नमुना यंत्रात धरायच्या आधी दर दहा मिलिमीटरला त्याच्यावर पंचने, म्हणजे जाड टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने, एकेक ठिपका उमटवावा लागायचा, लांबी किती वाढली ते मापायला. मी पंच ठेवून हातोडी मारायची. तुम्ही तिकडून ओरडायचात, "बाई, पंच मारता का बावडी खनता?"

मी हसायची नाही. मला वाटायचं, नुसती चेष्टा आहे.

तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले होते. तुमची बायको, मी त्यांना भाभीच म्हणते, भिंतीला टेकून बसल्या होत्या. आजूबाजूला बायका होत्या. भाभींनी मला जवळ बसवलं, पाणी दिलं, आणि थोड्या वेळाने हळू विचारलं.

"बाई, एक इचारू? त्यांच्या हातून कामात चूक झालेली का कधी?"

"का?"

"सहा वर्सं झाली. वर्कशॉपचा चार्ज त्यांना मिलनार होता, नाय मिलाला. त्या ईदला नवा सदरा पन शिवला नाय. मी इचारलं, तर म्हनाले, रजिस्टरात माझ्या नावावर एक ओळ हाय. काय ओळ, ते नाय सांगितलं. मला फक्त खरं सांगा. खोटं सांगून बरं नाय वाटनार मला."

मी खोटं बोलत नाही. मी म्हणाले, "हो भाभी. एकदा झाली होती. एकदाच."

त्यांनी मान हलवली. "एकदा तर सगल्यांची होते," म्हणाल्या, आणि दुसऱ्या बाईला पाणी द्यायला उठल्या.

ती ओळ माझी. १९८० साल. एका कंपनीचा इन्स्पेक्टर येऊन बसला होता, त्याला दुपारच्या आत रिपोर्ट हवा होता, आणि ते पोलाद नेहमीपेक्षा कडक जातीचं होतं. पंच मी त्याच सकाळी धार लावून घेतला होता. ठिपके मारले, नमुना धरला, ओढला. नेहमी जो दबका ठोका येतो तो आला नाही. फटाक्यासारखा आवाज आला. इन्स्पेक्टर खुर्चीतून उठला. मान झालीच नव्हती. मी एक तुकडा उचलला, मापला, एकदाच. नऊ पूर्णांक दोन. घट पंधरा. त्या पोलादाला निदान पन्नास हवी होती. तुटलेल्या कडेजवळ मला लेथच्या हत्याराची एक बारीक गोल रेघ दिसली.

नमुना करतानाच दोष राहिला असेल तर तो बाद करून दुसरा घेता येतो, हा नियम आहे. मी इन्स्पेक्टरला रेघ दाखवली. त्याने मान डोलावली. मी रजिस्टरात लिहिलं: नमुना सदोष, लेथवरील कामात रेघ राहिली, बाद. खाली सही.

दुसरा नमुना तुम्ही पाऊण तासात दिलात. ठिपकेही तुम्हीच मारलेत. "बाई, तुमी त्यांच्याशी बोला, मी करतो," म्हणालात. मला वाटलं, घाई आहे म्हणून. तो नमुना मान काढून तुटला, घट बावन्न, माल पास झाला. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. मूठ बंद होती. म्हणालात, "बाई, जरा दोन्ही जुलवून बघा."

मी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "इस्माईलभाई, रजिस्टर बंद झालं. पुढच्या वेळी फिनिश नीट द्या, म्हणजे झालं."

तुम्ही तसेच परत गेलात.

दोन महिन्यांनी चार्जची गोष्ट निघाली. साहेबांनी मला बोलावलं, रजिस्टर उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. "माणूस कसा आहे?" मी म्हणाले, "माणूस चांगला आहे. रजिस्टरात आहे ते आहे." चार्ज दुसऱ्या खात्यातल्या माणसाला गेला. त्याला लेथ नीट सुरूही करता येत नसे, हे आपण दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

आज दुपारी शेवटचा कप्पा काढला. कानशींच्या मागे पावाच्या मेणकागदाचं एक पुडकं होतं, तेलकट. उघडलं. पोलादाचे दोन तुकडे, तुटलेली तोंडं एकमेकांत बसवून वरून सुताने आवळून बांधलेले. टोकावर नंबर कोरलेला. अक्षर माझं होतं. नंबर मला पाठ होता.

भंगाराच्या पिंपातून काढले असणार तुम्ही. सहा वर्षं तेल लावून ठेवलेत. एक डाग नाही.

मी उभी राहिले, बाहेर गेले, नळावर हात धुतले, परत आले. भिंग घेतलं. सूत सोडलं नाही आधी, तसंच पाहिलं. जिथे तुकडे जुळले होते तिथे बरोबर सांध्यावर एक खड्डा होता. पूर्ण गोल, खोल, टोकदार. मग सूत सोडलं. अर्धा खड्डा या तुकड्याच्या कडेला, अर्धा त्या तुकड्याच्या. तुटलेल्या तोंडावरच्या बारीक रेषा त्या अर्ध्या खड्ड्यातून पंख्यासारख्या पसरलेल्या. तूट तिथून सुरू झाली होती. लेथचं हत्यार रेघ पाडतं, असा खड्डा पाडत नाही. तुमची रेघ सांध्यापासून तीन मिलिमीटर दूर होती, तिला धक्काही लागलेला नव्हता. पुढच्या तुकड्यावर, दहाचं ताणून जवळजवळ बारा मिलिमीटर झालेल्या अंतरावर, दुसरा खड्डा, मग तिसरा. पंचचे ठिपके. माझे.

एक तुकडा उचलून मापला तर हे दिसत नाही. जुळवावे लागतात. कामावर आलेल्या नवीन मुलींना मी रोज हेच शिकवते, आधी जुळवा, मग मापा.

दोन्ही बाजूंनी मापलं आज. नऊ पूर्णांक दोन, नऊ पूर्णांक दोन.

मला तुमचा राग आला आहे. तुम्ही ते तुकडे तेव्हाच टेबलावर आपटायचे होते. साहेबांकडे न्यायचे होते. माझ्याशी रोज दुसऱ्या बाजूवरून भांडायचात, मग यावर का नाही भांडलात? मूठ उघडायची होती. मी वर पाहिलं नाही तर काय झालं, हाक मारायची होती. इतर वेळी लेथच्या आवाजावरून ओरडत होतातच की.

मग मला ती पट्टी आठवली, आणि तेव्हापासून मी इकडून तिकडे फिरते आहे.

त्या प्रकारानंतर आठेक दिवसांनी तुम्ही मला पितळेची एक पट्टी आणून दिलीत. जेवणाच्या सुट्टीत केलेली. तिला दर दहा मिलिमीटरवर एक बारीक सुई बसवलेली. नमुन्याला निळी शाई लावायची, वाळू द्यायची, पट्टी टेकवून हलकेच सरकवायची. शाईवर रेषा उठतात, पोलादाला ओरखडाही जात नाही. हातोडी नको, पंच नको. तुम्ही म्हणालात, "घ्या. तुमच्या मनगटाला आराम." मला तेव्हा मनगट दुखत होतं खरं. मी सगळ्यांना दाखवत फिरले, बघा, इस्माईलभाईंनी माझ्या मनगटासाठी केली. तुम्ही हसत उभे होतात. सहा वर्षं मी रोज ती पट्टी वापरते आहे. त्यानंतर एकही नमुना तसा तुटला नाही, हेही मला आज मोजल्यावर कळलं.

ते उत्तर होतं का तुमचं? की रागावर उतारा? की तुम्हाला फक्त पुढचा नमुना वाचवायचा होता, बाकी कशाचं काही नाही? मला ठरवता येत नाही. तुम्ही असता तर सरळ विचारलं असतं, आणि तुम्ही काहीतरी चेष्टा करून लेथ सुरू केला असतात. ते मला चाललं असतं.

आणखी एक सांगते, मग थांबते. मी चूक केली याचं मला एवढं काही नाही. चुका होतात, म्हणून तर दुसरा नमुना घेतात. मी जुळवून पाहिलं नाही, आणि मग न पाहता सही केलेली गोष्ट साहेबांसमोर, भाभींसमोर, खरी म्हणून सांगितली, याचं आहे. भाभी म्हणाल्या होत्या खोटं नको. मी त्यांना खोटं सांगून आले आणि तेही अगदी ठाम आवाजात.

शनिवार. सकाळी सातला आले. शिपायाकडून किल्ली घेऊन जुनं कपाट उघडलं, ऐंशी सालचं रजिस्टर काढलं. खोडायचं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख, हा आपला नियम. तशीच रेघ मारली. बाजूला लिहिलं: नमुना पंचच्या खड्ड्यावरून तुटला. पंच मी मारला होता. लेथवरचं काम निर्दोष. सही, आजची तारीख.

नऊला साहेब आले. त्यांच्यापुढे रजिस्टर, तुकडे आणि भिंग ठेवलं. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"सहा वर्षांपूर्वीची दुरुस्ती करायची? बाहेरचा कोणी तपासायला आला तर काय सांगायचं?"

"जे लिहिलंय तेच."

"माल पास झालाय, दुसरा नमुना चांगला होता. रिपोर्टला धक्का नाही. मग आता यात कोणाचं भलं आहे? माणूस गेला, बाई. आणि नाव तुमचं खराब होईल."

"माझंच खराब व्हायला हवं होतं. इथे दुसरी सही लागते. तुमची."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "चार्जच्या वेळी मी या ओळीवर बोट ठेवलं होतं." मी म्हणाले, "हो." त्यांनी सही केली. मी त्या पानाची नक्कल टाइप करून घेतली, शिक्का मारला, घडी घातली. आज अर्धा दिवस. एकच्या बसने उरणला जाते आहे. पिशवीत तुमची हत्यारं, बिनकानाचा कप, नक्कल आणि सुताने परत बांधलेले ते दोन तुकडे आहेत. तुकडे भाभींना दाखवून सोमवारी परत आणणार, त्यांची जागा इथल्या कपाटात आहे. भाभी विचारतील, मग त्यांनी सांगितलं का नाही. सांगितलं होतं, एवढं मी त्यांना सांगू शकते.

निघायला वेळ होता आणि टेबलावर एक नमुना पडला होता, बाहेरच्या वर्कशॉपमधून करून आणलेला. निळी शाई लावली, वाळू दिली, तुमची पट्टी सरकवली. ओढला. दबका ठोका आला. तुकडे जुळवले, मान दोन्ही बाजूंनी मापली, सहा पूर्णांक पंच्याऐंशी. मग मूळ व्यास पाहिला. दहा पूर्णांक शून्य तीन. चूक नाही त्यात, मर्यादेत बसतो. मी कोरा कागद ओढला, दोन्ही वर्ग काढले आणि सबंध भागाकार मांडला.